दाजी, बोलू नका

मळा, बोराडी रस्ता, शिरपूर
२ जानेवारी १९९७

चि. रतिलाल यास अभिमनचे आशीर्वाद.

इथे सकाळी असं धुकं येतं की खाटेवरून विहीर दिसत नाही. जळगावला थंडी कमी असेल.

तुझ्या धंद्यातलं एक काम निघालं आहे, म्हणून हे पत्र. विमान आता चांगलं उडतं. सात वर्षं शेडमध्ये लोखंडी नळ्या जोडत बसलो तेव्हा सगळे हसले, तूही थोडा हसलास. पण चौदा तास उडून झालं आहे. इंजिनाची तक्रार नाही. तू दुरुस्त करून दिलेल्या रेडिओचीही नाही. मंदा मळ्यात दुसरा संच घेऊन बसते, तिचा आवाज वर अगदी शेजारी बसल्यासारखा येतो.

तक्रार आहे ती त्या जीपीएसची. हवाई दलातल्या माझ्या जुन्या सोबत्याने, पंडितने, बाहेरून आणून दिलेलं ते मुठीएवढं यंत्र. आकाशातल्या उपग्रहांच्या लहरी पकडून आपण कुठे आहोत ते सांगतं, आणि जायचं तिकडे बाण दाखवतं. माझं सगळं त्याच्यावर आहे. लोखंडी सांगाड्यामुळे माझं होकायंत्र पंधरा-वीस अंश खोटं दाखवतं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. धुरकट हवेत खाली काही दिसेना झालं की हे यंत्र हेच माझे डोळे.

२९ डिसेंबरला सातपुड्याच्या कडेला होतो. एकाएकी बाण गेला, आकडे गेले. पडद्यावर नुसता उपग्रहांचा शोध चालू. चार मिनिटं. मग काही झालंच नाही अशा थाटात सगळं परत आलं.

मी काही घाबरलो नाही. फक्त चार मिनिटं मोजली, म्हणून आकडा सांगतो आहे.

कशाने होत असेल ते कळव. मंदाला यातलं काही माहीत नाही. तू तिचा भाऊ आहेस, तुझ्या तोंडून निघायला नको.

तुझा,
अभिमन


जळगाव
८ जानेवारी १९९७

ती. दाजींना रतिलालचा साष्टांग नमस्कार.

पत्र दुकानातच वाचलं. एक गिऱ्हाईक टीव्ही घेऊन उभं होतं, त्याला उद्या या म्हणालो.

जो बिघाड येतो आणि जातो, तो सगळ्यात वाईट. कायमचा बंद पडलेला रेडिओ मी अर्ध्या तासात उघडून दाखवीन, पण दुकानात आणल्यावर नीट वाजणारा आणि घरी नेल्यावर मुका होणारा रेडिओ मला महिनाभर पुरतो. म्हणून घाई करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कधी कळणार नाही.

आधी बॅटरीकडून येणारी तार आणि तिची खोबण बघा. इंजिनाच्या धक्क्याने खोबण सैल होते. मग यंत्राचा ॲन्टेना. तो डोक्यावरच्या नळीखाली असेल तर लोखंडाच्या आड येतो, त्याला पंखावर उघड्यावर न्या. त्यानंतर इंजिनाच्या ठिणगीच्या तारा. त्या आसपास खरखर सोडतात.

आणि एक वही ठेवा. दर वेळी वेळ, उंची, दिशा, इंजिनाचे फेरे लिहा.

तोवर डोंगराकडे जाऊ नका. दाजी, तुम्ही घाबरला नाहीत असं लिहिलंत. मी इथे खुर्चीवर बसून घाबरलो. बोराडीच्या दुकानातला फोन दिवाळीपासून मुका आहे, नाहीतर रोज विचारलं असतं.

आपला,
रतिलाल


शिरपूर
१८ जानेवारी

रतिलाल भाऊ,

तुझ्या दाजींना न सांगता लिहिते आहे. चौथीपर्यंतची शाळा, चुका झाल्या तर समजून घे.

तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवता ते मला कळलं. त्यांच्या खिशात तुझं पत्र सापडलं. पण पत्र नसतं तरी कळलं असतं. वरून उतरल्यावर ते आधी पाणी पितात. पाण्याचा तांब्या दातांवर वाजतो, भाऊ.

परवा, गुरुवारी, ते अर्ध्या तासासाठी म्हणून गेले. मी बांधावर रेडिओ घेऊन बसले. माझी पद्धत अशी आहे की दर पाच मिनिटांनी मी विचारते, कुठे आहात, आणि ते सांगतात, अनेर नदी ओलांडली, अमुक गाव खाली आहे, वळतो आहे. तेवढं ऐकलं की माझा जीव पाच मिनिटं जागेवर राहतो. त्या दिवशी मी विचारलं तर म्हणाले, "थांब, बघून सांगतो." मग म्हणाले, "मंदे, सापडत नही शे." त्यांचा आवाज असा मी लग्नापासून ऐकला नव्हता. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि ते बोलत राहिले, की इकडे पांढरं आहे, तिकडे पांढरं आहे, खाली काही नाही. मग आवाज लांब गेला.

सव्वा तास झाला. मी बांधावर उभी राहून नुसती उत्तरेकडे बघत होते आणि ते आले दक्षिणेकडून. तापीच्या पात्रावर धुकं फाटलं म्हणून नदी दिसली, तिच्या काठाने परत आले. उतरल्यावर मी विचारलं, "काय व्हयनं?" तर म्हणाले, "काही व्हयनं नही. बठ्ठं बराबर शे." आणि तांब्या घेतला.

मी त्यांना उडू नका म्हणू शकत नाही. सात वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. पण तू त्या यंत्राचं काहीतरी कर. तुला लहानपणापासून बिघडलेल्या वस्तू कळतात.

तुझी अक्का,
मंदा


शिरपूर
२८ जानेवारी १९९७

चि. रतिलाल,

वही ठेवली, तू म्हणालास तशी. सोबत पान फाडून पाठवतो आहे, पण थोडक्यात इथेही लिहितो.

तार बदलली. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी यंत्र मेलं. ॲन्टेना पंखावर नेला. पहिल्याच उड्डाणात मेलं. ठिणगीच्या तारांना जाळीचं वेष्टण घातलं, तरी मेलं. उंची कमी असताना मेलं, जास्त असतानाही मेलं. एकदा अडीच मिनिटं, एकदा सहा. आणि खाली मळ्यात इंजिन तास तास चालवून बघितलं, मंदा शेजारी उभी, मी पडद्यावर डोळा लावून बसलेला, तर सहा उपग्रह शांतपणे दिसत राहतात. जमिनीवर त्याला काही होत नाही. वर गेलं की होतं.

रतिलाल, मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं होतं. मी हवाई दलात वीस वर्षं दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली. त्यात बसणाऱ्याला काय वाटत असेल याचा विचार कधी केला नाही. आता हात घामाने दांड्यावरून घसरतो. यंत्र चालू असतं तेव्हा जास्त भीती वाटते, कारण ते कधी मरेल याची वाट बघत बसतो.

तरी १० फेब्रुवारीला जळगावला यायचं आहे. विमान तपासणारे साहेब त्या दिवशी तुमच्या धावपट्टीवर येणार आहेत. त्यांनी बघून सही केली की पक्का परवाना. मंदा म्हणते ती मागच्या सीटवर बसणार, मला एकटं जाऊ देणार नाही. मी नाही म्हणालो. तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं.

तू धावपट्टीवर रेडिओ घेऊन उभा राहा. तुझा आवाज ऐकत आलो की रस्ता चुकणार नाही.

अभिमन


जळगाव
५ फेब्रुवारी १९९७

ती. दाजींना नमस्कार.

हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय उडू नका.

वहीचं पान घेऊन मी चार-पाच दिवस बसलो. त्यात वेळ आहे, उंची आहे, फेरे आहेत. एक गोष्ट नाही, कारण मीच ती लिहायला सांगितली नाही. अक्काने मला एक पत्र लिहिलं होतं. तिच्यावर रागावू नका. ती दर पाच मिनिटांनी तुम्हाला विचारते आणि तुम्ही उत्तर देता, हे त्यात होतं. काल दुपारी ते पुन्हा वाचलं आणि वहीचं पान शेजारी ठेवलं.

जमिनीवर अक्का शेजारी असते, म्हणून तुम्ही रेडिओवर बोलत नाही. वर गेलात की बोलता. नुसतं 'हो' म्हटलंत तर यंत्राला काही होत नसेल, पण घाबरलात की लांब बोलता, आणि तेवढ्या वेळात ते आंधळं होतं. मग उपग्रह पुन्हा शोधायला त्याला काही मिनिटं लागतात. तोवर अक्का पुन्हा विचारते.

आकडा मांडून बघा. आपला रेडिओ १३१.२५ मेगाहर्ट्झवर बोलतो. त्याची बारा पट करा. १५७५ येते. उपग्रहाची लहर १५७५.४२ वर आहे. म्हणजे अगदी तिच्या अंगावर. कुठलाही रेडिओ आपल्या लहरीच्या पटीत थोडी घाण सोडतोच. ती अडवायला आत एक लहानसा फिल्टर असतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. तुमच्या रेडिओत तो फिल्टर नाही. दुरुस्तीला आला तेव्हा जळलेला होता. मुंबईहून मागवायला तीन आठवडे लागले असते, तुम्ही घाईत होतात, आणि मला जमलं नाही असं म्हणवेना. मी त्या जागी तारेचा तुकडा जोडून दिला. आवाज छान आला. तुम्ही माझ्या पाठीवर हात मारलात.

महिनाभर मी तुम्हाला तार बघा, ॲन्टेना हलवा सांगत होतो, आणि माझी जोडणी मला आठवलीसुद्धा नाही. किंवा आठवली असेल आणि मी तिकडे बघितलं नसेल.

वर असताना रेडिओ बंद ठेवा. मी धावपट्टीवर असेन, पण एक शब्द बोलणार नाही.

रतिलाल


फैजपूर
१३ फेब्रुवारी

रतिलाल भाऊ,

तीन दिवस झाले, तू आला नाहीस. जळगावहून फैजपूर काही लांब नाही. आम्ही सुखरूप आहोत हा निरोप तुला त्याच दुपारी पोचला, असं तुझे दाजी म्हणाले. मी इथे नात्यातल्या कमलबाईंकडे आहे. डावा हात मनगटात मोडला, प्लास्टर आहे. त्यांना कपाळाला चार टाके. काल ते विमान केळीच्या ट्रकवर लादून शिरपूरला गेले.

तू का येत नाहीस ते मला कळत नाही. म्हणून त्या दिवशी वर काय झालं ते लिहिते. ते बोलणार नाहीत.

निघालो तेव्हा ऊन होतं. चोपडा मागे पडल्यावर खालून धुकं वर आलं. आधी शेतं गेली, मग रस्ते गेले, मग पंखांची टोकं मळकट दिसायला लागली. माझ्या कानावर ते ऐकायचं यंत्र होतं, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. बाण दाखवतोय, असं ते मला दोनदा म्हणाले. मग त्यांनी तुला हाक मारली. रतिलाल, ऐकतो का. तू काही बोलला नाहीस. त्यांनी पुन्हा हाक मारली. आम्ही चोपड्याच्या पुढे आहोत, धुकं आहे, ऐकतो का. तू गप्प. मला वाटलं तू तिथे नाहीसच. मग ते म्हणाले, "गयं. मरी गयं."

भाऊ, मी मागे बसून देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. सुचलं नाही. त्यांच्या शर्टाची कॉलर धरून बसले होते, एवढं आठवतं. ते तुला हाका मारत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग पांढऱ्यात समोर काळं काहीतरी आलं. मी विचारलं, "समोर काय शे ते?" ते म्हणाले, "डोंगर शे."

त्यांनी विमान एकदम आडवं वळवलं. झाडं दिसली, भाऊ. सागाची झाडं, पानं मोजता येतील इतकी जवळ.

आणि तेव्हा तुझा आवाज आला. "दाजी, बोलू नका. रेडिओ बंद करा. आता बंद करा, अक्काची शपथ." एवढंच.

त्यांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. बटन फिरवलं. मग आमचा कुणाशीच संबंध राहिला नाही. नुसतं इंजिन. मला वाटलं आता मेलो तर कुणाला कळणारही नाही कुठे. बऱ्याच वेळाने ते ओरडले, उपग्रह आले, बाण आला. आम्ही जळगाव उजवीकडे सोडून पार फैजपूरच्या वर डोंगराला चिकटलो होतो. परत फिरलो तर इंजिन खोकायला लागलं, पेट्रोल संपत आलं होतं. धुक्यात एक भोक दिसलं, त्यात केळीच्या दोन बागांच्या मधलं मोकळं वावर. तिथे आदळलो. चाकं मोडली. बागेतला एक म्हातारा धावत आला आणि मला म्हणाला, "कुठून आले वो माय तुम्ही?" मला गावाचं नाव आठवेना.

तू आधी गप्प का होतास? आणि मग ते का सांगितलंस? तुझ्या दाजींना विचारलं तर म्हणतात, त्याला माहीत.

अक्का


शिरपूर
१७ फेब्रुवारी १९९७

रतिलाल,

तुझं ५ तारखेचं पत्र काल मिळालं. बोराडीच्या गठ्ठ्यात चुकून गेलं होतं. पोस्टमन सायकलवरून उतरून म्हणाला, आबा, माफ करा, उशीर झाला. मी त्याला चहा दिला. त्याला काय बोलणार?

पत्र वाचून आधी तुझा इतका राग आला की मी त्याच वेळी जळगावची गाडी पकडणार होतो. मोटार स्टँडपर्यंत गेलोही. तुझ्या दुकानात येऊन काय बोलायचं ते ठरवत बाकावर बसलो. दोन गाड्या गेल्या. मंदाचा हात माझ्या डोळ्यांपुढे होता आणि मला एक गोष्ट कुणालातरी सांगायची होती, ती तुला सांगतो. ते साहेब मार्चमध्ये पुन्हा येणार होते. त्यांच्या कागदावर दोन तारखा होत्या. ते मी तुला लिहिलं नाही, मंदालाही सांगितलं नाही. यंत्र बिघडलेलं आहे हे माहीत असून मी तिला मागे बसवलं, कारण थांबलो तर पुन्हा उडायची हिंमत होणार नाही असं वाटलं होतं. तुझ्या तारेच्या तुकड्याने आम्हाला आंधळं केलं हे खरं. पण धुक्यात नेलं मी.

क्षमा वगैरे मला लिहिता येत नाही. फिल्टर मागव. चाकं मी बसवतो, महिना लागेल. २३ मार्चला, रविवारी, इकडे ये. रेडिओ तूच दुरुस्त करशील. आणि वर जाऊन बटन दाबून बघायचं ते माझ्या मागे बसून तूच दाबशील.

साहेबांनी जळगावला दोन तास वाट बघितली, असं कळलं. मार्चअखेर येतील.

अभिमन


जळगाव
२१ फेब्रुवारी १९९७

ती. दाजी,

येतो.

एक राहिलं होतं. तार केली असती तर एका दिवसात पोचली असती. 'रेडिओ बंद ठेवा', तीन शब्द. मी तारघराच्या दारापर्यंत गेलो होतो. खिडकीवर झुलाल बसतो, माझ्याकडेच रेडिओ दुरुस्तीला देतो. तो विचारणार, का रे बाबा? म्हणून मी लांब पत्र लिहिलं आणि साध्या टपालाने टाकलं.

धावपट्टीवर मी तुमच्या सगळ्या हाका ऐकल्या. पहिली आली तेव्हा कळलं की पत्र पोचलेलं नाही. तरी मी बोललो नाही. मला वाटलं, मी उत्तर दिलं तर तुम्ही पुन्हा बोलाल, आणि यंत्र आणखी वेळ आंधळं राहील. तुम्ही गप्प होण्याची वाट बघत राहिलो. तुम्ही गप्प झाला नाहीत. शेवटी मी बोलायला किती मिनिटं लावली ते मला माहीत नाही, आणि त्या मिनिटांत डोंगर आला. तुम्ही रेडिओ बंद केल्यावर निरोप येईपर्यंत दोन तास दहा मिनिटं गेली. साहेब शेजारी उभे होते, म्हणाले, बसा, तुम्हाला चक्कर येते आहे. मी बसलो नाही. अक्काला तोंड कसं दाखवणार, म्हणून फैजपूरला आलो नाही.

मी कधी विमानात बसलेलो नाही. शाळेत झाडावरही चढलो नाही. मला फार भीती वाटते आहे. पण २३ ला येतो.

रतिलाल


जळगाव
२५ मार्च १९९७

अक्का,

तुझ्या हातची खिचडी खाऊन गाडीत बसलो तेव्हा तुझ्याशी बोलायचं होतं, पण दाजी स्टँडवर सोबत होते. म्हणून लिहितो. तुझं प्लास्टर काढल्यावर तो हात रोज कोमट पाण्यात हलव.

तू बांधावर उभी होतीस आणि तुला खाली फक्त माझा आवाज येत होता. एक, दोन, तीन. नवा फिल्टर बसवलेल्या रेडिओचं बटन मी बारा वेळा दाबलं. दर वेळी वीस आकडे मोजले. पंडितचं ते यंत्र माझ्या मांडीवर होतं. पहिल्या वेळी मी डोळे मिटून मोजलं, म्हणून सातावर अडखळलो. डोळे उघडले तर सहा उपग्रह. दुसऱ्या वेळी सहा. पाचव्या वेळी पाच झाले, पण बाण हलला नाही, मग पुन्हा सहा. तू मध्येच विचारलंस, "भाऊ, बरा शे ना?" मी मुद्दाम लांब उत्तर दिलं. खाली तापी दिसते, ऊस दिसतो, आमच्या जळगावच्या घराचे पत्रे दिसत नाहीत, असं काहीबाही. बाण जागेवर. बाराव्या वेळेनंतर दाजी म्हणाले, पुरे.

खाली उतरल्यावर मला पट्टा सोडवता येईना, हे तू बघितलंस. तू मला पाणी दिलंस आणि हसलीस. पण तुला खालून दिसलं नसेल ते सांगतो. दाजी पुढे बसले होते, मला त्यांची फक्त मान दिसत होती. मी बटन दाबायला लागलो की त्यांची मान ताठ व्हायची. वरचा तो थंड वारा अंगावर येत असूनही कॉलर मागे पूर्ण ओली झाली होती. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. सहाव्या-सातव्या वेळी मी हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. उतरेपर्यंत तिथेच राहू दिला.

तुझा भाऊ,
रतिलाल